दीडशे सीसीला टर्बो लावू का?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की टर्बो (धुराच्या जोरावर पातं फिरवून इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) म्हणजे वाया जाणाऱ्या धुरावर चालणारी फुकटची पॉवर. त्या एका ओळीवर अकरा पत्रं आली राव, बहुतेक पोरांची, एक बापाचं आणि एक ओझरच्या काकांचं, ज्यांनी माझा कान धरलाय. सगळी छापायला जागा नाही म्हणून सात घेतोय, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीये कारण त्या पोराने सामान विकतसुद्धा घेतलंय.

सिडकोहून: दादा, माझ्याकडे कार्बवाली पल्सर १५० आहे. अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडून १.३ लिटर डिझेल कारचा टर्बो साडेतीन हजारात उचललाय. पातं बोटाने फिरवलं तर मस्त फिरतं. सातपूरला मित्राचं वर्कशॉप आहे, सायलेन्सरच्या बेंडाला वेल्डिंग मारून बसवू म्हणतोय. किती पॉवर वाढेल?

भावा, पॉवर कमी होईल. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे बाकीचं डोकं शांत ठेवून वाचशील.

हिशोब कर. तुझं इंजिन १४९.५ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढणार. ८,५०० आरपीएमला मिनिटाला ४,२५० वेळा. गुणाकार केला की मिनिटाला ६३५ लिटर हवा, तीही सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरतो असं धरून, जो कधी भरत नाही. आता तो टर्बो ज्या डिझेलमधून निघालाय ते १,२४८ सीसीचं, ४,००० आरपीएमला त्याचे होतात २,५०० लिटर, आणि टर्बो हवा दाबून भरतो म्हणून खरी हवा त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे त्या टर्बोला सवय आहे त्याच्या आठवा हिस्सा धूर तू त्याला देणार. तोंडाने फुंकर मारून द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर फिरवायला निघालायस तू. पातं गरगर फिरताना दिसेल, शिट्टीपण येईल कदाचित, पण बूस्टच्या, म्हणजे हवेच्या वाढीव दाबाच्या, गेजचा काटा हलणार नाही आणि धुराच्या वाटेत मात्र एक लोखंडी गोळा येऊन बसेल, म्हणून म्हटलं पॉवर कमी होईल. शिवाय पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त गरम, पूर्ण लोडवर ९०० अंशांच्या घरात जातो, डिझेलवाल्या टर्बोचं टर्बाइन (धुराने फिरणारं पातं) तेवढ्या तापासाठी केलेलं असेलच असं नाही.

दुसरी गोची अशी की तुझ्याकडे सिलिंडर एकच. कारमध्ये चार जण आळीपाळीने फुंकतात म्हणून टर्बाइनला जवळपास सलग धूर मिळतो, तुझ्याकडे एक फट्ट आणि मग दीड फेरी शांतता. हवेच्या बाजूलाही तेच, कॉम्प्रेसर (हवा दाबणारं पातं) बिचारा सतत हवा ढकलतोय आणि इकडे इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ बंद. मग ती हवा उलटी मागे येते, पातं थरथरतं, त्याला सर्ज म्हणतात. यावर उपाय म्हणून टर्बो आणि इंजिनच्या मध्ये एक डबा लागतो, हवा साठवायला, इंजिनच्या कित्येक पट मोठा. तो टाकीखाली मावत नाही. मावला तर बॅटरी काढावी लागते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी पण तुझ्याच वयाचा असताना हे धंदे केलेत. एका जुन्या १५० सीसीवर, कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला ६६० सीसीच्या जपानी कारचा छोटा टर्बो, डबा म्हणून जुना दोन लिटरचा फायर एक्स्टिंग्विशर, आणि मखमलाबादच्या मळ्यात स्टँडवर लावून चालवायची, फार फार तर बांधावरून दोनशे मीटर. टर्बो छोटा असल्यामुळे ०.३ बार बूस्ट खरंच आलं आणि मी इतका खूश होतो की घरी जेवताना पण आरपीएम सांगत होतो.

आता कार्बची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची, गंमत ऐक. तुझ्या गाडीत पेट्रोल टाकीतून कार्बमध्ये उतरतं ते निव्वळ उंचीच्या जोरावर. अर्धा मीटर उंची धरली तरी त्याचा दाब होतो ०.०४ बारसुद्धा नाही. आणि समोरून टर्बो ०.३ बारने कार्बमध्ये हवा कोंबतोय, मग पेट्रोल खाली येईलच कशाला. म्हणून पेट्रोल पंप लागतो, त्याच्यापुढे रेग्युलेटर, आणि त्या रेग्युलेटरला बूस्ट कळावं म्हणून एक बारीक नळी, म्हणजे बूस्ट वाढलं की पेट्रोलचा दाबही तेवढाच वर. कार्बच्या फ्लोट चेंबरलाही तोच दाब द्यायचा. माझी ती बारीक नळी एप्रिलमधल्या एका दुपारी निसटली. गाडी बंद नाही पडली, उलट दोन मिनिटं नेहमीपेक्षा हलकी पळाल्यासारखी वाटली, कारण मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, झालं होतं. प्लग काढून पाहिला तर पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चमकणारे ठिपके, मिठाचे कण सांडल्यासारखे. मला वाटलं कचरा असेल, पुसला आणि परत लावला. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. दुसऱ्या दिवशी हेड उघडलं तेव्हा पिस्टनच्या टाळूला हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक, कडा मेणासारख्या वितळलेल्या. तो पिस्टन आजही माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला.

तर प्लगवर ठिपके दिसले की तिथेच थांबायचं, हे लिहून ठेव.

तरीही करायचंच म्हणत असशील तर क्रम असा धर की टर्बो सगळ्यात शेवटी. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिक्श्चर किती पट दाबलं जातं ते) उतरव. समजा तुझं ९.५ आहे आणि ८ वर आणायचंय, बोअर ५६ मिमी, तर सिलिंडरखाली साधारण दीड मिमीची प्लेट घालावी लागेल, त्याने टायमिंग चेनची वाट तीन मिमी लांबते, टेन्शनरमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी बघ, कॅम टायमिंगही किंचित मागे सरकतं. मग ऑइल. टर्बोचा दांडा लाखाच्या वर आरपीएमने ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्याला दाबाने ऑइल लागतं, आणि आपल्या कम्यूटर इंजिनात बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) रोलर बेअरिंग असल्यामुळे कंपनीने पंप छोटाच दिलेला असतो. त्यात ऑइल जेमतेम लिटरभर, त्याच ऑइलमध्ये गिअर आणि क्लच प्लेटा भिजतायत, म्हणजे क्लचचा घासलेला भुसा थेट टर्बोच्या बेअरिंगात. फिल्टर बाहेरून लावावाच लागेल. परत टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं, ते आपोआप उतरायला टर्बो ऑइलच्या लेव्हलच्या वर हवा आणि पाइप जाड हवा, नाहीतर ऑइल सीलमधून धुरात, आणि तुझी फोर स्ट्रोक गाडी टू स्ट्रोक आरएक्ससारखी निळा धूर सोडत कॉलेज रोडने जाणार.

एवढं सगळं करून ०.३-०.४ बारला १४ पीएसचे (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) १८ झाले तर मी म्हणेन जमलं. आणि तो साडेतीन हजारांचा टर्बो? ज्याच्याकडून घेतलास त्यालाच दे, तीन हजार देईल.

देवळाली कॅम्पहून: सर, ऑनलाइन ९०० रुपयांत 'इलेक्ट्रिक टर्बो' मिळतोय, एअर फिल्टरच्या पाइपात बसतो, १२ व्होल्टवर चालतो, पिकअप ३० टक्के वाढतो असं लिहिलंय. घेऊ का?

नको. वरच्याच इंजिनाला ०.३ बार बूस्ट द्यायचा तर नुसती हवा दाबायला ४०० ते ५०० वॉट लागतात, १२ व्होल्टला ते झाले ४० अँपिअरच्या आसपास. तुमच्या गाडीचा स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) सगळं मिळून शे-दीडशे वॉट देतो, त्यात हेडलाइटही आला. त्या ९०० रुपयांच्या डब्यात कॉम्प्युटरमधला पंखा असतो, पाच-दहा वॉटचा. इंजिन स्वतः त्याच्यापेक्षा जोरात हवा ओढतं, म्हणजे हा पंखा मदत करायच्या ऐवजी वाटेत उभा राहतो. लग्नाच्या पंगतीत वाढायला आलेला पाहुणा जसा.

कल्पना खोटी नाहीये हां. होंडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं व्ही-थ्री इंजिन दाखवलंय. पण ती होंडा, आणि ते काही पाइपात बसवायचं खेळणं नाही.

ओझरहून, एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त: टर्बोला 'फुकटची पॉवर' म्हणणं चूक आहे. धुराला टर्बाइन फिरवायला लावलं की पिस्टनला तो धूर जास्त दाबाने बाहेर ढकलावा लागतो. आम्ही आयुष्य टर्बाइनवर काढलं, फुकट काही नसतं. बाकी लेख ठीक.

काका, मान्य. शंभर टक्के मान्य आणि 'बाकी लेख ठीक' हे मी कापून ठेवलंय.

तुमचं म्हणणं जरा पुढे नेतो कारण छोट्या इंजिनात ते जास्तच बोचतं. टर्बो नीट जुळलेला असेल तर धुराच्या उष्णतेतलं बरंचसं जे तसंही सायलेन्सरमधून हवेत गेलं असतं ते कामाला येतं, ढकलायचं ओझं वाढतं पण मिळकत त्याहून जास्त. टर्बो न जुळलेला असेल तर धुराच्या बाजूचा दाब बूस्टपेक्षाही वर जातो, मग जुना गरम धूर पुरता निघत नाही, सिलिंडरमध्येच राहतो, नवीन मिक्श्चर त्यात तापतं आणि इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे मिक्श्चर आपोआप पेटून खडखडतं. हवा दाबली की आधीच तापते ती वेगळीच. नाशिकच्या उन्हाळ्यात ३५ अंशांची हवा ०.५ बारने दाबली तर साधारण कॉम्प्रेसरमधून ९० अंशांच्या पुढे जाऊन बाहेर पडते. इंटरकूलर लावायला बाइकवर जागा कुठे आहे, लेगगार्डवर?

काकांनी पत्रात आणखी एक विचारलंय की विमानाच्या पिस्टन इंजिनात सुपरचार्जर (इंजिनच्याच जोरावर फिरून हवा दाबणारा पंप) आला तो मुळात उंचीवरच्या पातळ हवेसाठी, मग नाशिकच्या गाड्यांना किती फटका बसतो. फार नाही काका. आपण समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणजे १४ पीएसची गाडी इथे तेराच्या आसपास देते. मुंबईहून कसारा घाट चढून आलं की गाडी दमल्यासारखी वाटते त्यात एवढासा भाग या हवेचाही असतो, बाकी चढाचा आणि मागे बसलेल्याचा. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर बाइक नेता आली असती तर हाच फटका १८ टक्क्यांपर्यंत गेला असता.

नाशिकरोडहून: माझा मुलगा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून घरातल्या माझ्या मोटारसायकलला सुपरचार्जर बसवायचा हट्ट धरून बसलाय, ४० हजार मागतोय. म्हणतो टर्बोपेक्षा हे सोपं, आणि फॉरेनला कंपनी फिटिंग मिळतं. हे खरं आहे का? आणि आरटीओचं काय?

मुलगा खोटं बोलत नाहीये साहेब. कंपनीने बसवून दिल्याची उदाहरणं आहेत. फ्रान्सच्या प्युजोने जेटफोर्स नावाची १२५ सीसीची स्कूटर सुपरचार्जरसकट विकली, वीसेक हॉर्सपॉवरची, पण इंजिन पाण्याने थंड होणारं आणि इंजेक्शनवालं. मोठ्यांत कावासाकीची एच-टू आहे, २०१५ पासून, ९९८ सीसी, तिचं ६९ मिमीचं पातं क्रँकच्या ९.२ पट वेगाने फिरतं, आणि बघा, एवढी पॉवर काढूनही कॉम्प्रेशन त्यांनी ८.५ ठेवलंय. मुलाला हा आकडा दाखवा. आजकालच्या पाण्याने थंड होणाऱ्या १५५ सीसीत ते ११.६ वगैरे असतं, त्यावर बूस्ट मारायचा म्हणजे पिस्टनचा अंत बघायचा.

'टर्बोपेक्षा सोपं' हे पण अर्धं खरं. सुपरचार्जर क्रँकवरून पट्ट्याने फिरतो, धुराची भानगड नाही, ज्या प्रकारात स्वतःचं ऑइल असतं त्यात इंजिनच्या ऑइलचीही नाही, आणि खालच्या आरपीएमपासून दम मिळतो. जपानी छोट्या कारमधला ३०० सीसीवाला मिळाला, म्हणजे एका फेरीला ३०० सीसी हवा ढकलणारा, तर गणित असं: तुमचं इंजिन दीडशे सीसीचं धरलं तर क्रँकच्या एका फेरीला ७५ सीसी ओढतं, त्याच्या दीडपट द्यायची तर ११२, म्हणजे सुपरचार्जर क्रँकच्या निम्म्याहूनही हळू फिरवायचा. पुली कापायला सोपी, पण इतका हळू फिरला की आतल्या फटींतून हवा मागे गळते, त्यामुळे कागदावरचं बूस्ट गेजवर येत नाही. आणि खरी डोकेदुखी पट्टा लावायचा कुठे. एका बाजूला क्लच, दुसऱ्या बाजूला वीज बनवणारं मॅग्नेट. मॅग्नेटच्या बोल्टावरून दांडा बाहेर काढायचा, कव्हरला भोक पाडायचं, तो दांडा पट्ट्याच्या ओढीने वाकू नये म्हणून बाहेरून बेअरिंग द्यायचं, ०.०५ मिमी जरी हलला तरी क्रँकचं बेअरिंग खातो. चांगला टर्नर लागेल. सातपूर-अंबडला तसे हात आहेत, पण ते रविवारीच मोकळे असतात आणि रविवारी ते मिसळ खायला गेलेले असतात.

गाडी बीएस-सिक्स असेल तर अजून एक. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आहे आणि त्यांचा हवेचा सेन्सर नेहमीच्या हवेच्या दाबापुरताच मोजायला दिलेला असतो. त्याच्या वर बूस्ट गेलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतच नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि पुढचं वर सिडकोच्या पोराला सांगितलंय, डाळीएवढं भोक. वेगळा ईसीयू, मोठा इंजेक्टर, वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिक्श्चर मोजणारा), सगळं धरलं तर ४० हजार कमी आहेत, हे त्याला सांगू नका.

आरटीओचं मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या गोष्टींत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मालक तुम्ही आहात, मुलगा नाही. पेठ रोडच्या ऑफिसात जाऊन 'साहेब सुपरचार्जर चढवून द्या' असा फॉर्म मिळत नाही. त्यात अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारतील की हे काय लावलंय.

म्हणून माझं ऐकाल तर तुमची चालती गाडी देऊ नका. पाच-सहा हजारात स्क्रॅप गाडीचं नुसतं इंजिन मिळतं, ते त्याने अँगलच्या फ्रेमवर बसवावं, गेज लावावेत, कॉलेजच्या लॅबमध्ये चालवावं, फुटलं तर फुटलं. पोराला शिकायला सगळं मिळेल आणि तुम्हाला सोमवारी ऑफिसला गाडी.

पंचवटीहून: भाऊ, आरएक्स १०० ला टर्बो?

अरे तिला आहे की आधीच. टू स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट फुगलेलं का असतं माहितीये? धुराची लाट पुढे जाते, पोटाच्या निमुळत्या टोकाला आपटून मागे येते आणि पोर्टमधून बाहेर निसटलेलं ताजं मिक्श्चर परत आत ढकलते. फिरणारा एकही पार्ट नाही. पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने १९५० च्या दशकात हे नीट हिशोबाने बसवलं. टर्बोचं टर्बाइन त्या लाटेच्या मध्ये आलं की लाट मोडते. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर देणाऱ्या म्हातारीला अजून काय पाहिजे. तू आधी तिच्या क्रँकची सील बदल, पत्रासोबत पाठवलेल्या फोटोत मॅग्नेटच्या खाली ओलं दिसतंय.

त्र्यंबकेश्वरहून: डबल सीट घाट चढताना गाडी रडते, टर्बोने फरक पडेल का?

मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दात मोठं टाक. चेन दोन कडी वाढवावी लागेल कदाचित. टॉप स्पीड थोडा जाईल, तसाही त्या रस्त्याला कोण काढतंय.

गंगापूर रोडहून: सायलेन्सरच्या तोंडात बसवायची 'टर्बो शिट्टी' मिळते दीडशे रुपयाला. आवाज डिट्टो टर्बोसारखा येतो. इंजिनाला काही होतं का?

इंजिनाला फार काही होत नाही, तोंड थोडं बारीक होतं तेवढंच. कानाला होतं, शेजाऱ्यांना होतं आणि हवालदाराला तर लांबूनच होतं. पण तिचा स्क्रू घट्ट आवळायला पोरं विसरतात. मागच्या गुरुवारी संध्याकाळी जेहान सर्कलजवळ एका काळ्या गाडीच्या सायलेन्सरमधून अशीच एक शिट्टी उडून माझ्या स्कूटरच्या पायदानावर पडली, चांगलीच गरम होती, चपलेला डाग पडलाय. ती माझ्याकडे आहे. तुझी असेल तर घेऊन जा, चपलेचे पैसे घेऊन ये.